गिलाव्याआधी भिंतीत काय घालायचं: नव्या घरातल्या स्मार्ट होमची तयारी

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळ पाचगावच्या बाजूला त्यांचा दोन मजली बंगला होतोय. स्लॅब आणि वीटकाम झालंय, तीन आठवड्यांत गिलावा सुरू होईल, दिवाळीनंतर वास्तुशांत. घरात नवरा-बायको दोघे नोकरीवाले, सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, मुलगी बारावीला. सोबत यादी आहे: आवाजावर चालणारे दिवे, पडद्यांच्या मोटरी, बोटाच्या ठशाचं कुलूप, कॅमेरे. विचारलंय की कुठल्या कंपनीचं घ्यावं आणि आत्ताच सगळं मागवून ठेवावं का.

ताई, आत्ता काहीही मागवू नका. दिवाळीपर्यंत त्याच वस्तूचं नवं मॉडेल येईल, कदाचित किंमतही उतरेल, आणि खोक्यात पडून वॉरंटीचे महिने मात्र वाया जातील. तुमच्या हातात सध्या एकच गोष्ट अशी आहे जी तीन आठवड्यांनी राहणार नाही, ती म्हणजे उघडी भिंत. गिलावा झाला, पुट्टी झाली, रंग झाला की एक पाइप वाढवायचा म्हटलं तरी कटर मारावा लागतो. सगळ्या घरभर धूळ होते आणि तो पट्टा रंगात कायम दिसतो. म्हणून या उत्तरात बहुतेक भर भिंतीच्या आत काय जायला हवं यावर आहे. बाहेर लागणाऱ्या वस्तू नंतर कधीही बदलता येतात.

मी गेली बावीस वर्षं कोल्हापूर आणि आसपास वायरिंगची कामं करतोय. स्मार्ट होमची कामं त्यातली अलीकडची. दुरुस्तीला बोलावणं येतं तेव्हा दहापैकी आठ घरांत वस्तू चांगलीच असते, वायरिंग चुकलेलं असतं.

सगळ्यात आधी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर; वीज आणणारी ती फेज. आपल्याकडे वायरमन बोर्डात फेज आणतो, बटणातून फिरवून दिव्याला देतो, आणि दिव्याचा न्यूट्रल स्लॅबमधल्या पाइपातून परस्पर नेतो. वायर वाचते, साध्या बटणाला काही फरक पडत नाही. स्मार्ट स्विचला मात्र स्वतः चालू राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डात प्लग असतो तिथे न्यूट्रल आलेला असतोच. अडचण होते ती जिन्याच्या टू-वे (वरून आणि खालून दोन्हीकडून दिवा लावायच्या) बोर्डात, पलंगाशेजारच्या छोट्या बोर्डात, बाथरूमबाहेरच्या दोन बटणांच्या बोर्डात. बिनन्यूट्रलचे स्मार्ट स्विच बाजारात मिळतात, पण ते दिव्यातूनच थोडा करंट घेऊन जिवंत राहतात. त्यामुळे पाच-सात वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. वायरमनला स्पष्ट सांगा: घरातल्या प्रत्येक बोर्डात न्यूट्रल हवा, जिन्यातल्याही.

आणि तो न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. हे मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण याच चुकीने एका घरात आम्ही दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. तळमजला आणि वरचा मजला अशा दोन वेगळ्या आरसीसीबी होत्या. जिन्याच्या दिव्याला फेज खालचा आणि न्यूट्रल वरचा जोडलेला. आरसीसीबीचं काम साधं असतं: फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का ते बघायचं, आणि ३० मिलिअँपियरचा फरक पडला की वीज तोडायची. इथे गेलेला करंट दुसऱ्याच दाराने परत येत होता. जिन्याचा दिवा लावला की सगळं घर अंधारात. इन्व्हर्टरच्या वायरिंगचंही हेच. इन्व्हर्टरचा फेज आणि मेनचा न्यूट्रल एकाच बोर्डात मिसळू देऊ नका. दोन रंगांच्या न्यूट्रल वायरी वापरायला सांगा, म्हणजे पुढच्या माणसालाही कळेल.

दुसरं, बोर्डाचा डबा खोल घ्या. स्विचच्या मागे बसवायचं मॉड्यूल, म्हणजे साधं बटण स्मार्ट करणारं छोटं यंत्र, साधारण काडेपेटीएवढं असतं. नेहमीच्या डब्यात आधीच वायरींची गुंतवळ असते, त्यात ते कोंबलं की फ्रेम नीट बसत नाही आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. डबा ५० मिलिमीटर खोलीचा घ्या, आणि जिथे सहा मॉड्यूलचा (इथे मॉड्यूल म्हणजे एका बटणाची जागा) पुरतो तिथे आठचा बसवा. चार इंची भिंतीत खोल डबा पलीकडून फुटतो, म्हणून असे बोर्ड सहा किंवा नऊ इंची भिंतीवर आणा. याची चर्चा वायरमन आणि गवंडी दोघांना समोरासमोर उभं करून करा. एकट्याला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

तिसरं, पाइप. २० मिलिमीटरच्या जागी २५ चा घ्या आणि अर्ध्याहून जास्त भरू नका. शिवाय काही पाइप मोकळे ठेवा. आत नंतर वायर ओढायला फक्त जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ओढून, दोन्ही टोकांना डबा बसवून वर कोरी प्लेट लावा. असे मोकळे पाइप कुठून कुठे हवेत ते सांगतो. मीटरपासून गच्चीपर्यंत एक, सोलरसाठी. तळमजल्यावरच्या नेटवर्कच्या जागेपासून वरच्या मजल्याच्या छतापर्यंत एक. फाटकापर्यंत दोन, एक विजेचा आणि एक डेटाचा. टीव्हीच्या भिंतीत टीव्हीच्या उंचीपासून खालच्या कपाटापर्यंत एक जाड, ५० मिलिमीटरचा. प्रत्येक मोठ्या खिडकीच्या पेल्मेटपाशी (पडद्याच्या दांडीवरच्या पेटीपाशी) एक. घराच्या एकूण खर्चात या मोकळ्या पाइपांचा खर्च नगण्य असतो आणि दहा वर्षांनी त्यांच्यासारखं उपयोगी काही नसतं.

आता नेटवर्क. तुमच्या यादीत हे नावालाही नाही आणि बाकी सगळं याच्यावर उभं आहे. नऊ इंची विटेची भिंत आणि लोखंडाने भरलेला स्लॅब यांतून वाय-फायचा सिग्नल फार अशक्त होऊन जातो. खालच्या हॉलमधला एकच राउटर वरच्या मागच्या बेडरूमला पुरत नाही. त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या मध्यावर छतात एक नेटवर्क केबल काढून ठेवा, म्हणजे तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारं यंत्र, लावता येईल. कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागी एक केबल, टीव्हीमागे दोन, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी एक. सगळ्या केबल एकाच ठिकाणी येऊ द्या. जिन्याखालचं हवा खेळती असलेलं कपाट त्याला उत्तम. बंद लोखंडी पेटी नको, उन्हाळ्यात आतलं सामान तापतं.

नेटवर्क केबल कॅट सिक्स प्रकारची घ्या आणि पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्तातली केबल आतून अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी असते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही द्यायची असल्याने लांब अंतरावर ती दगा देते, वाकवली तर तुटते. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. एका केबलची मर्यादा शंभर मीटर असते, बंगल्याला तेवढं लागत नाही. विजेच्या वायरीच्या पाइपात डेटा केबल कधीही घालू नये. सुरक्षिततेसाठीही आणि डेटात विजेचा गोंगाट (व्यत्यय) येऊ नये म्हणूनही. शेजारून न्यायची वेळ आली तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडा.

वळवाचं सांगितलंच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आपल्याकडे वीज कशी कडाडते हे तुम्हाला माहीत आहे. जवळपास कुठे वीज पडली की लाइनमधून व्होल्टेजचा धक्का घरात येतो. पूर्वी एखादा ट्यूबलाइटचा चोक जायचा. आता प्रत्येक बटणामागे इलेक्ट्रॉनिक्स असेल. म्हणून डीबीमध्ये (वीज घरभर वाटणाऱ्या मुख्य पेटीत) टाइप टू सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे असा धक्का जमिनीकडे वळवणारं उपकरण, बसवा आणि त्याआधी अर्थिंग मोजून घ्या. अर्थिंग खराब असेल तर ते उपकरण नुसतं शोभेचं राहतं, कारण धक्का जमिनीत न्यायला त्याला वाट हवी. पाचगावच्या भागात वरची माती गेली की मुरूम आणि खडक लागतो, तिथे अर्थिंगचा खड्डा करताना कंजूषपणा करू नका. वायरमनला अर्थ टेस्टरने तुमच्यासमोर रीडिंग घ्यायला लावा आणि आकडा लिहून ठेवा. थेट घरावर वीज पडली तर यातलं काहीही वाचवू शकत नाही, हेही मनात असू द्या. फाटकावरच्या कॅमेऱ्याची केबलसुद्धा धक्का आत आणते. त्या केबलला वेगळा सर्ज प्रोटेक्टर लावा.

तुमचं घर उंचावर आहे, पण शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा या बाजूच्या लोकांना सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी धरतात, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली. तिथे घर असेल तर डीबी, इन्व्हर्टर आणि नेटवर्कचं कपाट वरच्या मजल्यावरच न्या, आणि तळमजल्याची सर्किटं वेगळी ठेवा, म्हणजे खालची बंद करून वर दिवे चालू ठेवता येतील.

लाइट गेल्यावर काय होतं याचा विचार फार थोडे जण करतात. मेनवरून इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज तुटते. तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोन-तीन मिनिटं घरातलं एकही स्मार्ट बटण फोनवरून ऐकत नाही. राउटर आणि नेटवर्कच्या कपाटाला छोटा यूपीएस द्या. दुसरं, बहुतेक स्मार्ट स्विचच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. ते बंद किंवा आधी होतं तसं यावर ठेवा. नाहीतर रात्री दोनला लाइट आली की सगळ्या घरातले दिवे एकदम लागतात आणि म्हातारी माणसं दचकून उठतात. सोलर बसवणार असाल तर हेही लक्षात घ्या की साधं ऑन-ग्रिड (बाहेरच्या लाइनला जोडलेलं) सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तसं असतं. तेव्हा सोलर असलं तरी इन्व्हर्टर लागतोच. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्याहून मोठ्या घरगुती सोलरला ७८,००० रुपये अनुदान ठरलं, त्यामुळे तुम्ही आज नको म्हणालात तरी पुढे बसवाल असं धरून गच्चीचा पाइप टाकून ठेवाच.

आता तुमच्या यादीकडे येतो.

दिव्यांसाठी स्मार्ट बल्ब घेऊ नका. सासूबाई रात्री सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणार, आणि बटण बंद झालं की बल्बला वीजच नाही, मग फोन काय किंवा आवाज काय, तो लागणार नाही. त्यापेक्षा नेहमीचं बटण तसंच ठेवून मागे मॉड्यूल बसवा. मग बटणानेही दिवा लागतो, फोननेही लागतो, इंटरनेट बंद असलं तरी लागतो. माझी कामाची अट हीच असते: फोन नसलेल्या पाहुण्याला या घरात एकही बटण समजावून सांगावं लागू नये.

बाहेरचे दिवे ठरावीक वेळेला लावू नका, सूर्यास्तावर लावा. अंबाबाईच्या किरणोत्सवामुळे आपल्याला हे वेगळं सांगायला नको. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात ती नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या ठरावीक दिवसांतच, कारण मावळतीची जागा वर्षभर सरकत असते, आणि तिच्याबरोबर वेळही. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैत सातच्याही पुढे. सहाचा टायमर लावला तर पावसाळ्यात उजेडात दिवे जळत राहतात.

पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचे) घ्या. जुन्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट लागतात, याला तीसच्या आसपास, इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी जास्त टिकते. पण बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर किंवा स्मार्ट डिमर जोडायचा नसतो. त्याचं सर्किट बिघडू शकतं. तिथे साधं चालू-बंद ठेवा, वेग त्याच्या रिमोटवर सोडा.

गिझर आणि एसी यांना दिव्याचं मॉड्यूल लावलेलं मी पाहिलंय, आतून वितळलेलंही पाहिलंय. दोन किलोवॅटचा गिझर जवळपास नऊ अँपियर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. दहा अँपियर लिहिलेलं मॉड्यूल त्यावर तासभर चालवणं धोक्याचं. गिझरला कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा, विजेवर चालणारा स्विच) लावा, मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टर चालू-बंद करावा, आणि वायर चार स्क्वेअर मिलिमीटरची असावी. एसीची वीज तोडूच नका, त्याला इन्फ्रारेड रिमोटनेच चालवा.

पडद्यांची मोटर मला व्यक्तिशः पश्चिमेच्या मोठ्या खिडकीशिवाय गरजेची वाटत नाही. आत्ता पेल्मेटमध्ये एका टोकाला प्लगचा पॉइंट काढून ठेवा, निर्णय नंतर.

कुलपाबद्दल सुताराशी बोला, दार बनायच्या आधी. दाराची जाडी, चौकटीची लाकडी पट्टी आणि कडीची जागा यांवर कुठलं कुलूप बसेल ते ठरतं. नक्षीच्या दुपाखी दारावर बहुतेक कुलपं नीट बसत नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार ओढून लावावं लागतं, आणि कुलपाची छोटी मोटर कडी पुढे ढकलताना अडते. म्हणून फटीत थोडी सोड ठेवा. किल्लीची सोय असलेलंच कुलूप घ्या, एक किल्ली शेजारी किंवा नातेवाइकांकडे ठेवा. शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, तुमच्या सासऱ्यांचा ठसा दुकानातच घेऊन बघा. नाही लागला तर नंबरचं कुलूप.

कॅमेरे फाटक, मागचं दार, गच्चीचं दार. घराच्या आत नको. सासू-सासऱ्यांची काळजी म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावतात, पण दिवसभर कोणीतरी बघतंय या जाणिवेने ती माणसं स्वतःच्या घरात अवघडून बसतात. मी हे अनेक घरांत पाहिलंय आणि मला ते बघवत नाही. रेकॉर्डिंग घरातल्याच हार्ड डिस्कवर ठेवा आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

त्या काळजीसाठी वेगळी सोय आहे, आणि तुमच्या यादीत नसली तरी ती मी सगळ्यात वर धरेन. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन-तीन ‘फूट लाइट’, म्हणजे पायाशी उजेड पाडणारे छोटे दिवे, आणि पाय खाली टेकला की ते लावणारा मोशन सेन्सर. उजेड मंद आणि पिवळसर हवा, डोळ्यावर येणारा नको. त्यासाठी भिंतीत आत्ताच पॉइंट हवेत. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि शॉवरपाशी दोरी ओढली की वाजणारं बटण बसवा. दोरी जमिनीपासून अर्ध्या फुटापर्यंत लोंबायला हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढ्याच उंचीवर पोचतो. ते बॅटरीवरचं असावं, घंटा हॉलमध्ये वाजावी आणि तुमच्या फोनवर निरोप यावा. बाथरूमचं दार बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा. सुताराचं काम अजून राहिलंय, तेव्हा आत्ताच सांगा.

स्वयंपाकघरात गॅस गळतीचा सेन्सर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर वर. पुढे पाइपचा गॅस आला तर तो हवेपेक्षा हलका, मग सेन्सर छताजवळ हवा. दोन्ही ठिकाणी पॉइंट काढून ठेवा.

आणि पाणी. तुमच्याकडे खाली हौद आणि वर टाकी असणार. पाणी यायच्या वेळेला कोणीतरी थांबायचं, मोटर लावायची, टाकी वाहेपर्यंत विसरायचं, हे घरोघरी चालतं. दिव्यांच्या रंगांपेक्षा हे आधी सुटलं पाहिजे. वरच्या टाकीपासून मोटरच्या बोर्डापर्यंत एक पाइप आणि चार कोअरची वायर टाका. टाकीत वर आणि खाली असे दोन फ्लोट (पाण्याबरोबर तरंगून चालू-बंद होणारे स्विच), हौदात एक. टाकी रिकामी झाली आणि हौदात पाणी असलं तरच मोटर लागेल, टाकी भरली की बंद. हौद कोरडा असेल तर लागणारच नाही, म्हणजे मोटर जळत नाही. हे सगळं कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिलेवर (मोटरवर जादा भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) चालू द्या, इंटरनेटवर काहीही अवलंबून नको. फोनवर फक्त पातळी दिसावी आणि गरज पडल्यास हाताने बंद करता यावी. टाकीच्या झाकणाला लावायचे अल्ट्रासॉनिक सेन्सर मी टाळतो. आत वाफ साचून थेंब धरतात आणि ते खोटी पातळी दाखवतात. स्टीलच्या पट्ट्या, टाकीचे ब्रॅकेट असलं काही लागलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या भागात) मापाने करून मिळतं.

कंपनीचं विचारलंय म्हणून एवढंच. इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात चालते तीच वस्तू घ्या. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की घरातली बटणं मुकी होणं परवडत नाही. २०२२ मध्ये मॅटर नावाचं सामायिक मानक आलं, त्याची खूण असलेली वस्तू गुगल, अलेक्सा, अ‍ॅपल सगळ्यांशी जुळते. सेन्सरसाठी झिगबी ही कमी विजेची बिनतारी पद्धत चांगली, बॅटरी जास्त टिकते. सगळं एकत्र बांधायला होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते सांभाळायला घरात कोणाला तरी आवड लागते. तुमच्या मुलीला असेल तर बारावी झाल्यावर तिला द्या, आत्ता नको. केएनएक्ससारखी वेगळ्या तारेवर चालणारी व्यवस्था अत्यंत भरवशाची, पण तुमच्या आकाराच्या घराला मी तो खर्च सुचवणार नाही. राहायला आल्यावर पहिले दोन महिने पाणी, फूट लाइट, गॅस सेन्सर आणि फाटकाचा कॅमेरा एवढंच लावा. कुठला दिवा वारंवार चालू राहतो, कुठे अंधार वाटतो हे राहिल्यावर कळतं, मग उरलेलं घ्या.

येत्या रविवारी वायरमनला घेऊन रिकाम्या घरात जा, सासू-सासऱ्यांनाही न्या. त्यांचा पलंग कुठे असेल तिथे खडूने चौकोन काढा आणि त्यांना हात लांब करायला सांगा. हात पोचेल तिथे बोर्ड. पाइप बसले की गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी लावून, कोपऱ्यापासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर दिसेल असा. स्लॅबखालूनही काढा. फोटोंवर खोलीचं नाव आणि दिशा लिहा, एक छापील संच मीटरच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढे देवघराला खिळा मारणाऱ्या सुतारालाही तो लागेल.